अठ्ठावन्नचा रॅक कुठे गेला?

मी कपाट बोलतोय. म्हणजे मी स्वतःला कपाटच समजत आलो. पण गेल्या सहा महिन्यांत मला इतक्या नावांनी हाक मारली गेली, की माझा माझ्यावरचा भरवसाच उडाला आहे. आर्किटेक्ट मला 'तो जुना नग' म्हणाला, रंगारी 'ती पेटी' म्हणाला, आणि परवा पहिल्या वर्षाच्या एका मुलीने मैत्रिणीच्या कानात विचारलं, "ह्या पोस्टाच्या पेट्या आहेत का गं? माझं पत्र कितव्यात येईल?" मैत्रीण म्हणाली, "कोणास ठाऊक, वरच्या वर्गातल्या मोठ्या सिस्टरना विचार." मोठ्या सिस्टरनाही ठाऊक नव्हतं. तेव्हा मी कोण, ते पहिल्यापासून सांगतो. सांगता सांगता माझं मलाही कळलं तर बरंच होईल.

मला साठ खण आहेत. प्रत्येक खण हातभर लांब आणि वितीपेक्षा अरुंद, पुढे पितळी कडी, कडीच्या वर नाव घालायची चौकट. एकोणीसशे एकसष्ट साली, आमचा देश स्वतंत्र होऊन चार वर्षं झाली होती तेव्हा आमच्या गावच्या किनाऱ्यावर माझा जन्म झाला. मला घडवणाऱ्या सुताराचं नाव येन्सू. सगळं गाव त्यांना एग्या येन्सू म्हणायचं, म्हणजे येन्सूबाबा. त्यांचा खरा धंदा होड्यांचा. टेकडीवरच्या मुलींच्या शाळेच्या गोऱ्या मुख्याध्यापिकेने कागदावर चौकोन काढून दाखवले, आणि एग्यांनी आयुष्यात न पाहिलेली वस्तू करायला घेतली.

मंगळवारी आमच्याकडे कोणी समुद्रात जात नाही. त्यामुळे दर मंगळवारी गावातले कोळी जाळी विणत माझ्याभोवती बसायचे आणि अकला पाजळायचे.

"एग्या, एवढे खण कशाला?"

"पुस्तकांची नावं लिहिलेली कार्डं ठेवायला."

"आणि पुस्तकं?"

"ती तिकडे रॅकवर."

"मग नावं वेगळी कशाला काढायची? पुस्तकावर नाव असतंच की."

एग्यांनी बराच वेळ रंधा मारला आणि म्हणाले, "गोऱ्या बाईला माहीत असेल." मलाही तेव्हा ते कळलं नव्हतं. ओडुमचं लाकूड टिकाऊ असतं, वाळवी लागत नाही, एवढंच मला स्वतःबद्दल ठाऊक होतं.

लायब्ररीत आल्यावर हळूहळू उमगलं. एका पुस्तकाची तीन कार्डं. एक लेखकाच्या नावाचं, एक पुस्तकाच्या नावाचं, एक विषयाचं. पहिले चाळीस खण पहिल्या दोघांचे, शेवटचे वीस विषयांचे. मुली यायच्या, बोटं कार्डांवरून चालवायच्या, ओठ हलवत वाचायच्या. माणसांची एक सवय मला तेव्हाच कळली. शोधतात एक आणि थांबतात भलत्याच कार्डावर. मग तेच पुस्तक घेऊन जातात आणि जन्मभर सांगतात की मला हेच हवं होतं.

पुढची गोष्ट समजायला आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. शाळा सोडून पंचवीस वर्षं झाली, की त्या बॅचच्या बायकांनी एकसारख्या कापडाचे झगे शिवायचे, स्पीच डेला, म्हणजे शाळेच्या वार्षिक समारंभाला, वाजतगाजत यायचं आणि शाळेला काहीतरी मोठं द्यायचं. कोणी पाण्याची टाकी देतं, कोणी बस. एकोणीसशे अठ्ठावन्नच्या बॅचने दिली पुस्तकं. वर्ष होतं त्र्याऐंशी. देशात पाऊस नव्हता, शेतं जळत होती, चांगल्या घरच्या लोकांचीही गळ्याची हाडं वर आली होती. अशा वर्षी त्या बायकांनी एकशे बारा पुस्तकं आणली. एक रॅक आणला, त्यावर पितळी पाटी ठोकली आणि अट घातली, की आमची पुस्तकं दुसऱ्यांच्यात मिसळायची नाहीत.

झालं. पुढच्या बॅचने पुस्तकं दिली, तेव्हा त्यांनाही रॅक हवा, पाटी हवी, अट हवी. मग तिसरीला. बघता बघता सगळी लायब्ररी विषयाप्रमाणे नाही, लेखकाप्रमाणे नाही, तर बॅचप्रमाणे लागली. चौसष्टच्या रॅकवर शेळीपालन, बायबल आणि भूमिती शेजारी शेजारी. रसायनशास्त्र अकरा ठिकाणी. स्पीच डेला प्रत्येक बॅच थेट आपल्या रॅककडे जायची, पाटीवरून बोट फिरवून धूळ बघायची, पुस्तकं मोजायची. जगात दुसरीकडे कुठे असं असेल असं मला वाटत नाही. पण आम्हाला त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंही नाही.

वाटलं ते एकटीला. तिचं नाव मॅडम बेन्टसिल. नव्वद साली ती ग्रंथपाल म्हणून आली, तेव्हा सव्वीस वर्षांची होती, सडपातळ, भराभर चालणारी. दोन वर्षं तिने निमूटपणे पाहिलं आणि एका सुट्टीत सगळी पुस्तकं विषयवार लावून टाकली. स्पीच डेला अठ्ठावन्नच्या बॅचच्या म्होरक्या, आँटी कॉन्स्टन्स, आल्या आणि आपल्या पाटीखाली चौसष्टची शेळी पाहून जागीच थांबल्या.

"हिला इथे कोणी चढवलं?"

"आँटी, विषयवार लावलंय. मुलींना सोपं जावं म्हणून."

"घरी तुझी मुलं आणि शेजारणीची मुलं तू उंचीप्रमाणे झोपवतेस का? ज्याची मुलं त्याच्या घरी."

मुख्याध्यापिका मध्ये पडल्या, मॅडमने माफी मागितली आणि पुढच्या महिन्याभरात एकेक पुस्तक परत आपापल्या घरी गेलं. ते आटोपल्यावर ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. म्हणाली, "पुस्तकं त्यांच्या मर्जीने राहू देत. वाट मी तुझ्यात लिहीन." आणि तिने लाल पेन्सिलीने प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात पत्ता लिहिला. ५८, खालून दुसरी, डावीकडून नववं. पाच हजार पुस्तकं, पंधरा हजार कार्डं. त्या दिवसापासून लायब्ररीतलं कुठलंही पुस्तक सापडायचं ते माझ्यामुळे आणि तिच्यामुळे. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

बत्तीस वर्षं अशी गेली. छत गळू लागलं, पंखे फिरेनासे झाले, मुली यायच्या कमी झाल्या. मॅडमचे केस पांढरे झाले. तिच्या निवृत्तीचं वर्ष आलं, आणि त्याच वर्षी नव्याण्णवच्या बॅचची पंचवीस वर्षं भरली.

त्यांची पुढारी डेला, राजधानीत, अक्रात, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मनाने चांगली बाई. ती आली, भिंतीवरचा बुरशीचा डाग बघून तिला रडू आलं. म्हणाली, "मॅडम, आम्ही पुस्तकं देणार नाही. आम्ही लायब्ररीच नवी करून देणार. शिकायची आधुनिक जागा."

"पण शिकतात तर इथेही," मॅडम म्हणाली.

"इथे झोपतात, मॅडम. मीही झोपलेय. त्या तिथे, बहात्तरच्या मागे."

मॅडम हसली. तिला हवीच होती नवी लायब्ररी, पण तिला एकच धास्ती होती, आणि ती तिने मला सांगितली, कारण दुसरं कोणी ऐकायला नव्हतं. स्पीच डेच्या दिवशी ती निवृत्त होणार होती. "मी गेल्यावर या मुलींना पुस्तक सापडेल का रे?" एवढंच ती म्हणाली.

लांब सुट्टीत काम झालं. मला ताडपत्रीखाली ठेवलं होतं, त्यामुळे दिसलं काही नाही. नुसते आवाज आले, ते कसले ते कळलं नाही. मध्येच दोन तरुण येऊन माझे खण उघडून सगळी कार्डं कॉम्प्युटरमध्ये उतरवून गेले. मोठ्या इमानाने उतरवली, लाल पेन्सिलीसकट.

ताडपत्री निघाली तेव्हा मला वाटलं मला चुकून दुसरीकडे आणून ठेवलंय. भिंती पिवळ्या. 'शांतता राखा'ची पाटी गायब. काचेची एक खोली, तिच्यात बोलायला परवानगी, किंबहुना बोलायलाच जायचं म्हणे. बसायला दाणे भरलेल्या मोठ्या पिशव्या. त्यांच्यात मुली पाय वर करून लोळतात आणि त्याला वाचन म्हणतात. ओडुमचे उंच रॅक मोडीत काढले होते, त्यांच्या जागी कमरेएवढे, चाकं लावलेले. सकाळी खिडकीपाशी असलेला रॅक दुपारी दारापाशी. रॅकने एका जागी उभं राहावं अशी माझी समजूत होती. बॅचच्या सगळ्या पितळी पाट्या मात्र डेलाने घासूनपुसून प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर लावल्या होत्या. "कोणाचा मान कमी व्हायला नको," ती म्हणाली. आणि पुस्तकं? ती मजुरांनी खोक्यांतून काढून हाताला येतील तशी लावली होती.

शाळा उघडली. लायब्ररीची प्रीफेक्ट मान्सा, तिसऱ्या वर्षाची, चुणचुणीत मुलगी. तिला शेवटच्या परीक्षेसाठी मातीवरचं एक पुस्तक हवं होतं. तिने कॉम्प्युटरला विचारलं, आणि त्याने क्षणात सांगितलं.

"मॅडम, अठ्ठावन्न, खालून दुसरी, डावीकडून नववं," मान्सा म्हणाली. "पण अठ्ठावन्न कुठंय?"

मॅडम पडद्यापाशी गेली. दुसरं पुस्तक विचारलं. एकाहत्तर, वरून पहिली, उजवीकडून चौथं. तिसरं विचारलं. मग ती खुर्चीत बसली. मोडीत गेलेल्या चाळीस रॅकचे पत्ते कॉम्प्युटर बिनचूक सांगत होता.

डेलाला फोन लावला. मोबाइल टेबलावर ठेवल्यामुळे मलाही ऐकू आलं. "मला वाटलं ते लायब्ररीचे कसले तरी नंबर असतील," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "सगळीकडे विषयवारच असतं ना, मॅडम? आपल्याकडे नव्हतं?" तीन वर्षं इथे शिकून तिलाही ठाऊक नव्हतं. ठाऊक का असावं? तिला पुस्तक हवं असलं की मॅडम माझा खण उघडायची आणि आणून द्यायची. मग डेला म्हणाली, "पुन्हा बॅचप्रमाणे लावून टाका. मी नव्या रॅकना वर्षांचे आकडे चिकटवायला माणूस पाठवते. आँटी कॉन्स्टन्सही खूश राहतील."

स्पीच डेला तीन आठवडे उरले होते. मॅडम माझ्याजवळ आली आणि तिने माझ्यावर हात ठेवला. मला वाटलं ती हो म्हणणार. निवृत्तीच्या दिवशी सगळ्या गावासमोर बोलणी खायची कोणाला हौस असते? तिने एक्केचाळिसाव्या खणाची कडी धरली आणि खण बाहेर ओढला. अर्धा नाही, पूर्ण. एग्यांनी बसवल्यापासून तो खण माझ्यातून कधी निघाला नव्हता.

"मान्सा, वीस मुली गोळा कर," ती म्हणाली. "एकीला एक खण. खणात जो विषय, ती पुस्तकं हुडकायची आणि एका रॅकवर आणायची."

"आणि बॅच?"

"बॅच भिंतीवर आहेत."

पुढचे तीन आठवडे दुपारी साडेतीनला वीस मुली माझे वीस खण कडेवर घेऊन हिंडायच्या. "मातीचं आणखी एक सापडलं गं." "ए, माझी शेळी तुझ्याकडे गेलीय का?" एवढा कालवा मी साठ वर्षांत ऐकला नव्हता. मला भोकं पडल्यासारखं वाटायचं, आणि मला आनंदही होत होता. दोन्ही एकदम कसं होतं ते मला सांगता येणार नाही. सेलॉर्म नावाची नवी ग्रंथपाल रुजू झाली होती. पुस्तक जागी लागलं की ती त्याचा नवा पत्ता कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि त्याची तिन्ही कार्डं काढून एका खोक्यात टाकायची. रोज मी थोडा थोडा रिकामा होत होतो.

"या कार्डांचं काय करू?" सेलॉर्मने शेवटी विचारलं.

"पाठकोरी आहेत. मुलींना गणितं करायला दे," मॅडम म्हणाली. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, हे कबूल करतो.

स्पीच डे उजाडला. बँड वाजला, भाषणं झाली, नव्याण्णवच्या बॅचने निळे झगे फिरवत फीत कापली. गर्दीतून काठी टेकत आँटी कॉन्स्टन्स आल्या. आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या, अंगावर पांढरं कापड. थेट आपल्या रॅकच्या जुन्या जागी, खिडकीच्या उजव्या अंगाला गेल्या. तिथे पिशवीत रुतून एक मुलगी वाचत होती. ती घाईघाईने उठायला लागली, पण पिशवी तिला उठू देईना.

"माझा अठ्ठावन्नचा रॅक कुठे गेला?"

डेलाने हात धरून त्यांना भिंतीपाशी नेलं. त्यांनी पाटीवरून बोट फिरवलं, धूळ नव्हती. "पाटी आहे," त्या म्हणाल्या. "पुस्तकं?"

"एका जागी नाहीत, आँटी," मॅडम पुढे झाली. "मी ती विषयवार लावली."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

आँटींचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "त्र्याऐंशी साली आमच्यातल्या एकीने लग्नातलं कापड विकलं. मी रोज मक्याच्या केनकेचा एक गोळा चार मुलांत वाटून द्यायची. तरी पुस्तकं आणली. बेन्टसिल, ती आम्ही पोटाला चिमटा काढून आणली, आणि तू ती चार दिशांना उधळलीस."

मॅडम कॉम्प्युटरकडे वळली. ती म्हणाली, "मान्सा, आँटींची पुस्तकं काढ बरं."

कॉम्प्युटरमध्ये देणाऱ्याचं नावही मॅडमने भरून घेतलं होतं. मान्सा वाचू लागली. "एकशे बारा. त्यांतली एक्क्याऐंशी इथे रॅकवर आहेत. एकतीस बाहेर."

"बाहेर म्हणजे? हरवली?"

"नाही, आँटी. मुलींनी नेलीत. वाचायला."

आँटी कॉन्स्टन्सनी मॅडमकडे पाहिलं. "मी यायची तेव्हा तर एकशे बाराच्या एकशे बारा असायची. मी मोजायची."

"तुम्ही मोजायचात म्हणूनच," मॅडम म्हणाली. "स्पीच डेच्या दोन महिने आधीपासून मी तुमचं एकही पुस्तक बाहेर जाऊ देत नव्हते. मुली मागायच्या, मी नाही म्हणायची. चौतीस वर्षं."

हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मला ठाऊक नव्हतं. कार्ड काढून बघायचं, मग मुलीला 'नाही सापडत' म्हणायचं, हे माझ्यासमोरच तर चालायचं.

आँटींना खुर्ची दिली ती माझ्या शेजारी. पिशवीतल्या मुलीला त्यांनी जवळ बोलावलं, तिच्या हातातलं पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानावरचा आपल्या बॅचचा शिक्का पाहिला. "कसं आहे?" त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, "आँटी, थोडं जुनं आहे, पण बरं आहे." आँटी हसल्या, मग डोळे पुसले. उठताना आधारासाठी त्यांनी मला धरलं.

"ह्याच्यात आता काय आहे?"

"काही नाही," सेलॉर्म म्हणाली. "हे काढून टाकायचं का, तेच विचारायचं होतं."

"हे हलवू नका."

"कशासाठी ठेवायचं, आँटी?"

"ते मला काय माहीत? हलवू नका म्हटलं ना."

म्हणून मी अजून इथे आहे. शनिवारी स्पीच डे झाला, रविवारी शाळा झोपली, सोमवारी सकाळी सात वाजता दार उघडलं आणि मॅडम बेन्टसिल आत आली. हातात तीच पिशवी, तीच भरभर चाल. टेबलापर्यंत गेली आणि थांबली, कारण तिच्या खुर्चीत सेलॉर्म बसली होती.

"काही विसरलं का, मॅडम?"

"हो," मॅडम म्हणाली. मग काय विसरलं ते तिला सांगता येईना. एवढ्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली, कॉम्प्युटरला काही विचारलं, सरळ तिसऱ्या रॅककडे गेली, पुस्तक काढलं आणि बाहेर पडली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तिने मॅडमला विचारलं नाही आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

मॅडम माझ्यापाशी येऊन उभी राहिली. तिला हवं होतं ते झालं होतं. मलाही तेच हवं होतं, चौतीस वर्षं आम्ही दोघं त्यासाठीच तर राबलो. मग दोघांनाही असं गोंधळल्यासारखं का वाटावं? तुमच्यात कोणी जाणतं असेल तर येऊन सांगा, आणि नसेल सांगता येत तर निदान तिला उठवू नका. ती रोज सातला येते, स्टूल ओढते आणि माझ्या शेजारी बसून एके काळी अठ्ठावन्नच्या रॅकवर असलेलं, मुलींना नाही म्हणून राखून ठेवलेलं एकेक पुस्तक वाचते.